लांबट मासे, गोल मासे

आमच्या शेजारी बँकेतलं एक कुटुंब भाड्यानं राहत होतं. ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. नागपूरहून थेट कोकणात जायचं होतं, तेही भर पावसात. माशांची टाकी ट्रकमध्ये नेणं शक्य नव्हतं. वहिनी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही ठेवाल का? सगळे गोल्डफिशच आहेत. त्यांचं फार काही करावं लागत नाही." मुलीला फार आनंद झाला. मलाही झाला, कारण माझ्या माहेरी मासे होते आणि ते मला कायम आठवायचे.

टाकी अडीच फुटांची होती. पाणी ऐंशी लिटरच्या आसपास. त्यात सहा मासे. शास्त्राच्या हिशोबानं सहाही एकाच जातीचे, पण नवख्या माणसाला ते पाहून तसं वाटलं नसतं.

दोन कॉमेट होते. लांबट अंग, नारिंगी रंग, शेपटी एकेरी आणि खोल कापलेली. तिसरा शुबंकिन. त्याची अंगकाठी कॉमेटसारखीच, पण अंगावर पांढरे, नारिंगी, काळे आणि निळसर डाग. चौथा रेड कॅप ओरांडा. आखूड, जाड, पांढरंशुभ्र शरीर, डोक्यावर लाल मांसल टोपी आणि मागे लोंबणारी दुहेरी शेपटी. पाचवा ब्लॅक मूर. पूर्ण काळा, डोळे दोन्ही बाजूंना पुढे आलेले. सहावा पर्लस्केल. तो जवळजवळ चेंडूसारखा गोल होता आणि त्याचा प्रत्येक खवला मधोमध फुगीर होता. मुलीला पर्लस्केल आवडला. मला रेड कॅप.

वहिनींनी खाण्याचा डबा दिला होता. पाण्यावर तरंगणारे बारीक दाणे. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकायचे. दाणे पडले की दोन्ही कॉमेट वर झेपावायचे, मागोमाग शुबंकिन. रेड कॅप शेपटी हलवत हलवत वर पोचेपर्यंत निम्मे दाणे संपलेले असायचे. पर्लस्केलला चार-दोन मिळायचे. मूरला तर दाणा समोर असूनही दिसायचा नाही. त्याचे डोळे मोठे असले तरी नजर कमजोर असते, तो वासावर खाणं शोधतो. तो तळाशी गोट्यांमध्ये तोंड घालून फिरत राहायचा.

सप्टेंबरच्या शेवटी रेड कॅपची पाठ खाली बसलेली दिसायला लागली. डोकं मोठं आणि मागचं अंग बारीक. त्याच आठवड्यात मूरचा एक डोळा पांढुरका झाला. कॉमेटच्या परांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. ज्या दुकानातून हे मासे आले होते तिथे मी फोटो घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "गोल्डफिश सगळे सारखेच हो ताई, औषध टाका." त्यानं एक निळी आणि एक पिवळी बाटली पुढे ठेवली. कोणत्या माशाला काय झालंय हे त्यानं विचारलंच नाही. मी बाटल्या न घेता परत आले.

आमच्या गल्लीतला एक मुलगा इथल्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलेला आहे. त्याला घरी बोलावलं. त्यानं आधी काहीच सांगितलं नाही. म्हणाला, "मावशी, तुम्ही रोजच्यासारखं खायला घाला. मी नुसतं बघतो." खाणं टाकलं, सगळा प्रकार त्यानं पाहिला. मग म्हणाला, "हा लाल टोपीवाला आजारी नाही. उपाशी आहे."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. घरात खाणं भरपूर आणि एक जीव उपाशी.

मग त्यानं सांगितलेलं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे सगळं तेच कामी आलं. गोल्डफिशचे मूळ पूर्वज चीनमधले हिरवट-तपकिरी कार्प मासे. त्यांच्यात अधूनमधून एखादं पिलू नारिंगी निघायचं. हजार वर्षांहून आधी चिनी लोकांनी असे रंगीत मासे तळ्यांमध्ये जपायला सुरुवात केली. पुढे मिंग राजवटीत ते घरात, मातीच्या आणि चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवायला लागले. तळ्यात वेगानं पोहू न शकणारं पिलू कुणाच्या तरी तोंडी जातं. भांड्यात त्याला कुणी खात नाही, खाणं समोर येतं. त्यामुळे दुहेरी शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे, आखूड अंगाचे मासे जगले, आणि माणसांनी त्यांचीच वीण पुढे नेली. यातले कित्येक प्रकार वरून बघण्यासाठी घडवले गेले, कारण भांड्यात मासा वरूनच दिसतो. दुहेरी शेपटीमागे एका जनुकातला बदल आहे, हे तैवानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. कॉमेट आणि शुबंकिन हे तसे नवे प्रकार. कॉमेट १८८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला, शुबंकिन १९०० च्या सुमारास जपानमध्ये. पण दोघांचं अंग मात्र त्या जुन्या कार्पसारखंच लांबट राहिलं.

"अंग लांबट, शेपटी एकेरी, पाठीवर पर असेल तर मासा काटक समजा," तो म्हणाला. "अंग जितकं आखूड आणि गोल, तितकं सांभाळणं जास्त." कारणही त्यानं समजावलं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर तो पाण्यात तोल धरतो. गोल्डफिशमध्ये या पिशवीचे दोन कप्पे असतात. गोल माशात पाठीचा कणाच आखूड, त्यामुळे आतडी, पिशवी, अंडाशय सगळं एका लहानशा जागेत कोंबलेलं. मागचा कप्पा कधी लहान राहतो, कधी वाकडा होतो. त्यात गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. जरा जास्त खाल्लं, पोट फुगलं, की पिशवीवर दाब येतो आणि मासा तिरपा होतो.

मग त्यानं पाणी तपासलं. थेंब टाकून रंग बघायचा संच त्याच्याकडे होता. अमोनिया निघाला. जुन्या घरात टाकीबरोबर मोठा फिल्टर होता, तो हलवताना फुटला होता आणि त्याजागी लहानसा आला होता. सहा गोल्डफिश ऐंशी लिटरमध्ये म्हणजे गर्दीच. गोल्डफिश खूप खातात, खूप घाण करतात, आणि ती घाण म्हणजे अमोनिया. चांगल्या फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नवा फिल्टर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. कॉमेटच्या परांच्या काळ्या कडा अमोनियानं भाजलेली जागा भरून येताना पडलेल्या होत्या. पाणी सुधारल्यावर त्या आपोआप गेल्या.

मूरचा डोळा टाकीतल्या शोभेच्या वस्तूंनी दुखावला होता. धारदार पानांची प्लास्टिकची झाडं होती, एक खेळण्यातला किल्ला होता. ते सगळं बाहेर काढलं. रोज थोडं पाणी बदललं, लिटरमागे १ ग्रॅम या हिशोबानं जाडं मीठ विरघळवून घातलं. पांढुरकेपणा बराच कमी झाला. त्या डोळ्यानं त्याला पुढे कितपत दिसलं कोण जाणे, पण खाण्यात फरक पडला नाही.

आता प्रश्न वेगळे ठेवण्याचा. आमच्या अंगणात कडुनिंबाखाली सिमेंटचा जुना हौद आहे. हजार लिटरहून जास्त पाणी मावतं, जवळजवळ तीन फूट खोल. बागेला पाणी घालायला वापरायचो. त्याला घासून घेतलं, विहिरीचं पाणी भरलं आणि ते काही दिवस तसंच राहू दिलं, मधून मधून बादलीनं वरखाली करत. जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून हे करावं लागतं. पाणी नळाचं असतं तर क्लोरीनविरोधी थेंब घालावे लागले असते. वर जाळी बसवली, मांजरांसाठी. मग दोन्ही कॉमेट आणि शुबंकिन हौदात गेले. पहिल्या दिवशी ते तळाला बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे सुसाट पोहायला लागले की अडीच फुटांच्या काचेत त्यांचं किती कोंडलं होतं ते कळलं. कॉमेट मोठा होऊन फूटभर लांब होऊ शकतो. दुकानात तो बोटाएवढा असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आतल्या तिघांना बुडणारे दाणे सुरू केले. टाकण्याआधी ते पाण्यात भिजवायचे. रेड कॅप दिवाळीपर्यंत भरला. त्याची पाठ पुन्हा गोल झालेली पाहून मला खरंच हलकं वाटलं.

डिसेंबरच्या शेवटी नागपुरात रात्री ८-१० अंशांपर्यंत पारा उतरला. मला हौदातल्यांची काळजी होती. ते मात्र ठीक होते. मंद झाले, तळाशी थांबायचे, खाणं कमी केलं. मीही कमी घातलं, कारण थंडीत त्यांचं पचन मंदावतं. थंड देशांत हे लांबट मासे वरून बर्फ गोठलेल्या तळ्यातही हिवाळा काढतात. २०१७ मध्ये नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्यामागचं एक कारण उलगडून दाखवलं. गार पाण्यात प्राणवायू संपला तरी गोल्डफिश शरीरात साठणाऱ्या आम्लाचं रूपांतर अल्कोहोलमध्ये करतो आणि ते कल्ल्यांतून बाहेर सोडतो. हे वाचून लोक म्हणतात, गोल्डफिश कशातही जगतो. पण ही सोय गार पाण्यातली आहे, जिथे शरीर आधीच मंद चालतं. उन्हाळ्यात तिचा उपयोग नाही. हे पुढे मला फार कडवटपणे कळलं.

थंडीनं गाठलं ते घरातल्या पर्लस्केलला. एका सकाळी तो पोट वर करून तरंगत होता. मुलगी रडायला लागली, तिला वाटलं मेला. जवळ गेलो तर कल्ले हलत होते. बोट लावल्यावर तो धडपडून खाली गेला आणि पुन्हा बुचासारखा वर आला. टाकीतलं पाणी १७ अंशांवर गेलं होतं.

काय केलं ते नीट सांगते. तीन दिवस खाणं पूर्ण बंद. बघवत नव्हतं, पण धडधाकट गोल्डफिश तेवढे दिवस आरामात काढतो. १०० वॅटचा हीटर आणला आणि पाणी दिवसाला एक-दोन अंशच वाढवत २३ पर्यंत नेलं. टाकीतलं पाणी थोडं उतरवलं, म्हणजे त्याला वरखाली करायला कमी श्रम पडावेत. पाण्याबाहेर राहिलेला पोटाचा भाग कोरडा पडून जखम होऊ शकते, म्हणून त्यावर लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी मटार उकडून, साल काढून, बारीक कुस्करून दिला. तो त्यानं उलटा असतानाच खाल्ला. त्यानंतर हळूहळू तो कुशीवर आला, मग सरळ. त्या काळात मी रात्री उठून टॉर्च लावून बघायचे. घरच्यांना ते जरा जास्त वाटलं असेल.

मटार हा रामबाण उपाय नाही, हे त्या मुलानं आधीच बजावलं होतं. पोट तुंबल्यानं किंवा गारठ्यानं तोल गेला असेल तर फरक पडतो. पिशवीच वाकडी असेल किंवा आत जंतू गेले असतील तर पडत नाही. आमच्या पर्लस्केलचा तोल अजूनही कधीकधी जातो. आता दिवाळी झाली की हीटर लावतो आणि आठवड्यातून एक दिवस उपास ठेवतो.

फेब्रुवारीत हौदातल्या एका कॉमेटच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे रवाळ ठिपके उठले. ओळखीच्या एका गृहस्थांनी पाहिलं आणि म्हणाले, हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, औषध आजच टाका. त्या मुलाला फोन केला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. ठिपके कुठे आहेत, आणि मासा अंग घासतोय का? ठिपके फक्त झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला होते, अगदी रांगेत. मासा मजेत होता. तो म्हणाला, "मावशी, तो नर आहे. विणीचा हंगाम आला की नराला असे ठिपके येतात. रोग असता तर अंगभर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले दिसले असते." औषध घातलं असतं तर निरोगी माशांना उगाच त्रास झाला असता. ज्यांच्याकडे गोल्डफिश आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

काही दिवसांतच तो नर दुसऱ्या कॉमेटच्या मागे लागला. एका पहाटे हौदातल्या हायड्रिला या पाणवनस्पतीला मोहरीपेक्षा लहान, पारदर्शक अंडी चिकटलेली दिसली. मोठे मासे ती खात होते. आम्ही हायड्रिलाच्या चार-पाच जुड्या उचलून पाण्यानं भरलेल्या टबात ठेवल्या. पिल्लं निघाली. नारिंगी एकही नव्हतं, सगळी शेवाळी काळपट. मुलगी हिरमुसली. गोल्डफिशची पिल्लं अशीच असतात आणि रंग काही महिन्यांनी बदलतो, हे तिला पटवायला वेळ लागला.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. नवतपात बाहेर ४५ अंश, घरात कुलर सतत चालू. टाकीतलं पाणी ३३ वर गेलं. आखूड अंगाच्या माशांना २० ते २५ अंश मानवतात. पाण्यावर तिरपा वारा येईल असा लहान पंखा टाकीच्या कडेला लावला. आपल्या कोरड्या हवेत याचा फार उपयोग होतो, पाणी तीन-चार अंश उतरलं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडत नाही, तिथल्या लोकांनी पंख्यावर विसंबू नये. पंख्यानं पाणी उडून जातं, ते रोज भरावं लागतं.

मेच्या शेवटी एका संध्याकाळी वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, वीज गेली. ती रात्रभर आलीच नाही. हवेची मोटर बंद, फिल्टर बंद, पंखा बंद. गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि उष्णतेत माशाला लागतो मात्र जास्त. रात्री दहाच्या सुमारास तिघंही तोंड पाण्यावर काढून हवा घ्यायला लागले. आम्ही माठाशेजारी ठेवलेल्या पिंपातलं मुरवलेलं पाणी थोडं थोडं घातलं. मग पेल्यानं टाकीतलंच पाणी उंचावरून ओतत राहिलो, पाळीपाळीनं. पाणी असं पडलं की हवा मिसळते. मुलगीही जागी होती.

पहाटे रेड कॅप गेला. त्याच्या टोपीची वाढ गालांवरून कल्ल्यांच्या झाकणांपर्यंत उतरली होती, त्यामुळे झाकणं नीट उघडत नव्हती. जड अंग आणि मोठी शेपटी घेऊन त्याला सतत वर राहणंही जमलं नाही. मूर आणि पर्लस्केल वाचले, थोडक्यात. रेड कॅपला अंगणात पुरलं. दिवसभर मला कशात लक्ष घालावंसं वाटलं नाही. मासा गेला म्हणून ऑफिसात सांगता येत नाही, त्यामुळे ते मनातच राहिलं.

हौदात जाऊन पाहिलं तर तिन्ही लांबट मासे नेहमीसारखे फिरत होते. तिथेही रात्रभर काही नव्हतं, मोटर नाही, पंखा नाही. पण पाणी भरपूर, वर मोठा उघडा पृष्ठभाग, कडुनिंबाची सावली, आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा गार. शिवाय त्यांचं अंग तसं. तेव्हापासून टाकीजवळ बॅटरीवर चालणारी हवेची मोटर असते. वीज गेली की ती आपोआप सुरू होते. महागडी वस्तू नाही. आखूड अंगाचे मासे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी फिल्टरच्याही आधी ती घ्यावी, असं माझं मत झालं आहे.

काटक मासा म्हणजे आजारी न पडणारा मासा नव्हे, हे पावसाळ्यात कळलं. कुणीतरी तलावातली पाणवनस्पती आणून दिली होती, ती हौदात गेली. काही आठवड्यांनी शुबंकिनच्या अंगातून दोऱ्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं, बुडाशी लाल सूज. तो लर्निया, नांगरासारखं डोकं माशाच्या मांसात रोवून बसणारा परजीवी. त्या मुलानं मासा ओल्या कापडात धरला आणि बारीक चिमट्यानं तो बुडापासून ओढून काढला. जखमेला औषध लावलं. पाण्यात या परजीवीची पिल्लं सुटलेली असतात, त्यामुळे हौदालाही त्याच्या सल्ल्यानं औषध द्यावं लागलं आणि ते एकदा देऊन भागलं नाही. आता नवी वनस्पती असो की नवा मासा, महिनाभर वेगळ्या टबात.

टबातली पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाल्यावर हौदात सोडली. तोवर काहींना रंग चढायला लागला होता. आधी पोटाकडून पिवळट, मग नारिंगी. त्याच सुमारास जाळीची एक बाजू वाऱ्यानं सुटली आणि खंड्यानं हौद हेरला. पिल्लं कमी व्हायला लागली. उरली त्यांत बहुतेक काळपट. नारिंगी जवळजवळ सगळी गेली. मला तो मुलगा तळ्याबद्दल सांगत होता ते आठवलं. जाळी पुन्हा घट्ट बांधली. त्या काळपटांपैकी दोन आजही तशीच आहेत, रंग बदललाच नाही. काही गोल्डफिश जन्मभर तसेच राहतात. पोहण्यात तीच दोन सगळ्यांत चपळ.

रंगाचं म्हणाल तर मोठ्या माशांचाही बदलत राहतो. आमचा मूर आता पूर्ण काळा नाही. पोटाकडून तांब्यासारखा झालाय. उबदार पाण्यात आणि वय वाढलं की काळा रंग असा जातो. एका कॉमेटची शेपटी पांढरी झाली. शुबंकिनचा निळा मात्र टिकून आहे. तो निळा खरं तर त्वचेत खोलवर असलेला काळा रंग आहे, वरचे खवले पारदर्शक असल्यामुळे निळसर दिसतो. खाणं, पोहणं, श्वास ठीक असेल तर नुसत्या रंगबदलानं घाबरू नये.

लांबट गोल्डफिश किती जगतात याची एक नोंद मला फार धीर देते. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक साधा गोल्डफिश ४३ वर्षं जगला आणि १९९९ मध्ये गेला. आखूड अंगाचे नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. एवढं आयुष्य असलेला प्राणी लहानशा गोल भांड्यात ठेवून काही आठवड्यांत मरतो, तेव्हा मला राग येतो. भांडं विकणाऱ्यांचा येतो.

यंदा ठाण्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला गोल्डफिश घ्यायचे होते. तिचा फ्लॅट, हौद कुठून येणार? बाजारातून तिनं बबल आयचा फोटो पाठवला. डोळ्यांखाली पाण्यानं भरलेल्या दोन पातळ पिशव्या, पाठीवर परच नाही. दिसायला फार वेगळा. मी तिला म्हटलं, पहिल्यांदा हा नको. पिशवी कशाला घासली की फुटते, फिल्टरच्या तोंडातही ओढली जाते. पाठीवर पर नसलेले रांचू आणि लायनहेडही तोल सावरायला कष्टतात. गोल माशांमध्ये सगळ्यांत दणकट फँटेल. शेपटी दुहेरी, पण अंग बेताचं गोल, डोळे साधे, पाठीचा पर उभा. दोन फँटेल घे, एकाच आकाराचे, म्हणजे खाण्यात कुणी मागे पडणार नाही. घेताना वरून बघ, अंग दोन्ही बाजूंनी सारखं हवं. दुकानदाराला खायला घालायला सांग आणि तरंगणाऱ्याला किंवा कोपऱ्यात बसणाऱ्याला घेऊ नकोस.

तिनं आधी टाकी घेतली, तीन फुटांची. दीडशे लिटरच्या पुढे. मुंबई-ठाण्याकडचं पाणी मृदू, त्याचा सामू टाकीत लवकर घसरतो, म्हणून फिल्टरमध्ये प्रवाळाचा थोडा चुरा ठेवायला सांगितला. मासे न आणता नुसता फिल्टर चालू ठेवून ती रोज चिमूटभर खाणं टाकते आहे, जीवाणू तयार व्हावेत म्हणून. परवा फोन आला. "ताई, अमोनिया शून्य आला. आणू का आता?" मी नायट्राइट विचारलं. ते अजून दाखवत होतं. म्हटलं, आणखी एक आठवडा थांब आणि पुन्हा तपास.